आधी कागद, मग पिल्लू

अमरावती, अकोला, अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर. वऱ्हाडातल्या ज्या ज्या घरात या उन्हाळ्यात पर्शियन मांजर आणायचं ठरलंय, त्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. बुकिंगचे पैसे पाठवू नका. इतक्यात नको. आधी हे वाचा.

आणि ज्यांच्या घरी मादी व्याली आहे, टोपल्यात चार-पाच पिल्लं आहेत आणि फोनवर रोज ‘रेट काय?’ म्हणून विचारणा होतेय, त्यांनाही तीच विनंती. पिल्लू देऊ नका. इतक्यात नको. तुम्हीही वाचा.

घाई कशाची, ते आधी सांगायला हवं. थंडी सरून दिवस मोठा व्हायला लागला की मांजरी माजावर येतात. गाभण राहिल्यापासून ६३ ते ६५ दिवसांत मांजर विते. म्हणजे मार्च-एप्रिलला घरोघरी वेत. तीच पिल्लं मे महिन्यात दीड महिन्याची होतात. तोवर मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, ‘चांगले मार्क पाड, मांजर आणू’ असं कबूल केलेलं असतं. बाजार तापतो तो तेव्हाच, आणि वऱ्हाडही तेव्हाच तापतं. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला होता. उन्हापायी जिल्हा प्रशासनाला १४४ कलम लावावं लागलं, कामाच्या आणि शिकवणी वर्गांच्या वेळा बदलाव्या लागल्या. धडधाकट माणसांना जिथे सांभाळून राहा म्हणावं लागतं, तिथे आपण पाऊण किलोचं, चपट्या नाकाचं, केसाळ पिल्लू खोक्यात घालून या गावाहून त्या गावाला पाठवतो.

मग व्हायचं ते होतं. पिल्लू आठवड्याभरात जातं. दोन घरांमधलं भांडण वर्षभर राहतं.

हे भांडण टाळता येतं. ते तुमच्याच हातात आहे, म्हणून तुम्हालाच सांगायचं.

सगळ्यात जास्त वाद कशावरून होतो, ते बघा. रविवारी पिल्लू घरी आलं. सोमवारी सोफ्याखालून पळालं, पोरांनी व्हिडिओ काढले. बुधवारी खाणं सोडलं. गुरुवारी पिवळसर, फेसाळ उलटी झाली. मग ते पाण्याच्या वाटीपाशी गेलं, वाटीवर मान टाकून बसून राहिलं, पण पाण्याला जीभ लावली नाही. ही खूण लक्षात ठेवा. वाटीवर मान, आणि पाणी मात्र नाही. हा बहुतेक वेळा पॅनल्यूकोपेनिया असतो. आपल्याकडे सगळे त्याला ‘कॅट पार्वो’ म्हणतात. लस न झालेल्या लहान पिल्लांत हा आजार फार थोड्यांना सोडतो. असं पिल्लू दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच तासाला डॉक्टर गाठा. सलाईन वेळेवर लागलं तर काही पिल्लं वाचतात.

पिल्लू गेलं की फोन सुरू होतात. घेणारा म्हणतो, ‘तुम्ही आजारीच दिलं.’ देणारा म्हणतो, ‘माह्या घरून गेलं तवा चांगलं खेळत होतं, भाऊ. तुमच्याच घरी काहीतरी झालं.’ आवाज चढतो. पैसे परत मागितले जातात. ‘गॅरंटी कोणी दिली होती?’ असं उत्तर येतं. दहा-पंधरा हजारांची गोष्ट असते, आणि ते दहा-पंधरा हजार कोणाच्या तरी पहिल्या पगारातले असतात.

आता जरा शांतपणे विचार करा. दोघंही खरं बोलत असू शकतात. हा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा दिवस जातात. देणाऱ्याच्या घरी पिल्लू खरंच उड्या मारत होतं, आणि तरीही रोग बरोबर घेऊन आलं. किंवा उलटं. घेणाऱ्याच्या घरी सहा महिन्यांपूर्वी एक पिल्लू याच आजारानं गेलं होतं, ही गोष्ट त्यानं सांगितलीच नाही. हा विषाणू फरशीच्या फटीत, जुन्या टोपल्यात, गादीत वर्षभर टिकतो. साध्या पाण्यानं तो जात नाही. फिनाइलनं पुसून घेऊ नका, फिनाइल मांजरांना विषासारखं बाधतं. एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी घेऊन पुसा, वाळू द्या. जुनं टोपलं, जुनी गादी टाकून द्या. आणि जुनं पिल्लू गेलेल्या घरात लसीचे डोस पूर्ण झाल्याशिवाय नवं पिल्लू आणू नका. रडणाऱ्या लेकराला गप्प करायला दुसऱ्याच आठवड्यात दुसरं पिल्लू आणलं, तर त्या लेकराला पुन्हा एकदा तेच बघावं लागेल.

देणाऱ्यांनो, तुमच्या हातात काय आहे? वय. सगळं इथेच अडतं. ‘चाळीस दिवसांचं पिल्लू गोड दिसतं, मोठं झालं की गिऱ्हाईक मिळत नाही’ हे तुमचं म्हणणं कानावर आहे. पण आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण सहाव्या आठवड्यापासून ओसरायला लागतं, आणि लसीचं संरक्षण तोवर पुरतं आलेलं नसतं. त्याच मधल्या दिवसांत तुम्ही त्याला आईपासून तोडता, प्रवास घडवता, नवं घर दाखवता. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. ब्रिटनमधली जुनी मांजर-नोंदणी संस्था पाळणाऱ्यांना तेरा आठवड्यांच्या आत पिल्लू देऊ नका असं सांगते. आपण निदान बारा आठवडे थांबूया. थांबा. दोन डोस करा. जंताचं औषध द्या. खर्च किमतीत धरा, आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा की किंमत का वाढली. समजूतदार माणूस चार पैसे जास्त देतो. जो देत नाही, त्याला पिल्लू न दिलेलंच बरं.

घेणाऱ्यांनो, तुमच्या हातात काय आहे? जाऊन बघणं. शेतकऱ्याच्या घरात बैलजोडी घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, बाजार समितीची पावती खिशात घालतो. मग पिल्लू मात्र फोटो बघून कसं घेतो? इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून कायदा आहे की सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दलालानं विकायचं नाही. ज्या घरात ते जन्मलं तिथेच, आईसोबत बघून घ्यायचं. आपल्याकडे असा कायदा नसला तरी आपण तसं वागू शकतो. आई दाखवा म्हणा. ‘आई गावाला गेली’ असं उत्तर आलं तर तुम्हीही परत गावाला या.

पिल्लू मांडीवर घ्या, पण गाल घासायच्या आधी बघा. शेपटी उचला, खाली ओलसर, चिकट नको. कानात काळा चुरा नको. हिरड्या गुलाबी हव्यात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच खाली बसली पाहिजे. केस बाजूला सारून कातडी बघा. गोल, टक्कल पडलेला, खपली धरलेला चट्टा म्हणजे गजकर्ण, आणि लांब केसांच्या पर्शियनमध्ये ते फार. ते तुमच्या लेकराच्या गालावर येतं, मग उशीवर, मग आजीच्या हातावर. घरभर महिनोन्‌महिने मलम लावत बसायची वेळ येते. विकणारा म्हणेल, ‘काही होत नाही.’ होतं. ते पिल्लू बरं होऊ द्या, मग आणा.

आणि पहिल्या दिवशी आंघोळ घालू नका. दूध-पोळी कुस्करून देऊ नका, गाईच्या दुधानं बऱ्याच पिल्लांना ढाळ लागतात. आधीच्या घरी जे खात होतं तेच आठवडाभर द्या. निम्मी भांडणं या दुधाच्या वाटीतून निघतात, आणि दोष रोगावर जातो.

आता उन्हाचं. हे तर आजच ऐका.

पुण्या-मुंबईहून, नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोकी येतात. वर छिद्रं पाडलेली. ड्रायव्हरला दोनशे-पाचशे दिले की झालं. सकाळी अमरावतीच्या राजापेठला किंवा अकोल्याच्या बायपासला उतरवून घ्यायचं. हे बंद करा. आजपासून बंद करा. ही लांब केसांची मांजरं मूळची इराणच्या थंड मुलखाकडची मानतात. १६२० च्या सुमारास पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाच्या इटालियन प्रवाशानं तिथून लिहिलेल्या पत्रांत त्यांचं कौतुक केलं होतं. पुढे तो आपल्या चौललाही येऊन गेला, पण मांजरं घेऊन अकोल्याला येण्याचा विचार काही त्यानं केला नाही. चपट्या नाकामुळे या मांजरांना धापून अंग गार करणं जमत नाही. मांजर तोंड उघडून धापायला लागलं, म्हणजे वेळ संपत आली असं समजा. ओल्या फडक्यानं पंजे, पोट पुसा, कूलरसमोर धरा आणि दवाखान्याकडे निघा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत. कुत्र्या-मांजराला प्रवासाला पाठवताना पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. डिकीतल्या खोक्याबरोबर तो कोण देतो? वाटेत पिल्लू गेलं तर पाठवणारा म्हणतो ‘मी जिवंत दिलं’, घेणारा म्हणतो ‘मला मेलेलं मिळालं’, आणि ड्रायव्हर फोन उचलत नाही. या वादाचा निकाल देवही लावू शकत नाही. म्हणून तो होऊच देऊ नका. देणाऱ्यांनो, डिकीत पाठवायला ठाम नकार द्या. घेणाऱ्यांनो, स्वतः जा. रेल्वेनं किंवा स्वतःच्या गाडीनं, रात्री निघून उन्हाआधी पोचाल असं बघा. मे महिन्यात जमत नसेल तर पावसाळा लागू द्या. मुलाला सांगा, ‘जुलैत आणू.’ तो रुसेल, जेवणार नाही एक वेळ. समजेल त्याला.

दुसरा मोठा वाद ‘पेपर’चा. इथे फसवणूक कमी आणि गैरसमज जास्त आहे, असं माझं मत. लसीच्या कार्डाला पेपर समजणारे खूप आहेत. लसीचं कार्ड म्हणजे लसीचं कार्ड. वंशावळ म्हणजे मांजर-क्लबानं दिलेला, आईबाप आणि आजे-पणजे लिहिलेला दाखला. आणि तोही फक्त कूळ सांगतो, तब्येत सांगत नाही. अमरावती आणि अकोला या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’, ‘ट्रिपल कोट’ म्हणून जी पिल्लं विकली जातात, त्यातल्या फार थोड्यांना असा दाखला असतो. नसेना का! बिनदाखल्याचं पिल्लू काही कमी जिवाचं नाही. पण मग ‘प्युअर’ म्हणून दुप्पट भाव लावू नका. ‘दिसायला पर्शियन, वंशावळ नाही’ असं लिहून द्या. एवढ्या एका ओळीनं कितीतरी वाद जन्मतानाच संपतील. चेहरा मोठेपणी बदलतो, डोळ्यांचा रंग बदलतो, हेही तेव्हाच सांगा.

काही गोष्टी मात्र गैरसमजात मोडत नाहीत. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. आईबापांपैकी एकाला असला तरी निम्म्या पिल्लांकडे जाऊ शकतो. काही वर्षं मांजर छान राहतं, घरातल्याच माणसासारखं होतं, आणि मग वाळत जातं. सोनोग्राफीनं तो वर्षाच्या आत-बाहेर कळतो, गालाच्या आतून पुसलेल्या बोळ्यावरच्या जनुकीय चाचणीनं त्याहून आधी. वेत काढण्याआधी नर-मादीची एकदा तरी तपासणी करा. दुसरी गोष्ट, दुमडलेल्या कानांची स्कॉटिश फोल्ड. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावरच्या सुझी नावाच्या मांजरीपासून ही जात आली. कान ज्या दोषामुळे दुमडतात, तोच दोष सांध्यांतली कूर्चाही बिघडवतो. म्हणून ब्रिटनच्या त्याच मांजर-नोंदणी संस्थेनं सत्तरच्या दशकातच तिची नोंदणी थांबवली. दोन दुमड्या कानांची जोडी लावणं म्हणजे पिल्लांना आयुष्यभराचं दुखणं देणं. ती लावू नका. आणि घेणाऱ्यांनो, असल्या पिल्लाची मागणीच करू नका. मागणी आहे म्हणून ती जोडी लावली जाते. तेव्हा यात तुमचाही वाटा आहे.

तिसरा वाद बाहेर फारसा कळत नाही, कारण तो पाळणाऱ्या-पाळणाऱ्यांमधला. मेटिंगचा. गावात एक देखणा बोका असतो, पाच घरच्या माद्या त्याच्याकडे येतात. ठरतं काय, तर पैसे नाहीतर एक पिल्लू. ठरतं कसं, तर तोंडी. मग मादीला एकच पिल्लू झालं तर? झालेलं मेलं तर? गाभणच राहिली नाही तर? पिल्लू पसंत कोणी आधी करायचं? आणि सगळ्यात कडू प्रश्न, ‘ही पिल्लं माझ्या बोक्याची नाहीतच.’ लक्षात घ्या, मांजरीच्या बाबतीत एकाच वेताच्या पिल्लांचे बाप दोन असू शकतात. माजाच्या त्या चार दिवसांत ती गच्चीवरून एकदा खाली जाऊन आली असेल, तर अर्धी पिल्लं लांब केसांची आणि अर्धी गल्लीतल्या बोक्याची निघतील. यात कोणी कोणाला फसवलेलं नसतं. मादी परत नेल्यावर दोन आठवडे दारं-खिडक्या बंद ठेवा. नेण्याआधी दोन्हीकडच्या लसी, कातडी, नखं बघून घ्या. वर्षाच्या आतली मादी लावू नका. वर्षाला तीन-तीन वेतं काढू नका. आणि वरचे सगळे प्रश्न आधीच कागदावर सोडवा. ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला संकोच वाटतो, हे खरं. पण वीस वर्षांची ओळख एका पिल्लावरून तुटावी, याचा संकोच जास्त वाटायला हवा.

तर कागद. एक पान पुरे. मराठीत, हिंदीत, उर्दूत, ज्या भाषेत दोघांना कळेल त्या भाषेत. पिल्लाचा रंग, नर की मादी, जन्मतारीख, आई कुठली, बाप कुठला. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर लावलेलं कार्ड, जंताच्या औषधाची तारीख. माहीत असलेले दोष, अगदी डोळा गळतो इतकंही. किंमत किती, बुकिंगचे किती दिले, कोणी माघार घेतली तर त्यातले किती परत. ४८ तासांच्या आत घेणारा पिल्लू स्वतःच्या पसंतीच्या डॉक्टरला दाखवेल, आणि डॉक्टरनं दोष लिहून दिला तर देणारा पिल्लू परत घेऊन पूर्ण पैसे देईल. दहा दिवसांच्या आत पॅनल्यूकोपेनिया निघाला तर औषधपाण्याचा खर्च दोघं कसा वाटून घेतील. पिल्लू दगावलं तर पैसे, की पुढच्या वेतातलं पिल्लू. पुढेमागे सांभाळणं जमलं नाही तर ते रस्त्यावर सोडायचं नाही, आधी देणाऱ्याला विचारायचं. वंशवाढीसाठी दिलंय की फक्त पाळायला, आणि पाळायला असेल तर नसबंदी कोणत्या महिन्यापर्यंत. खाली दोघांच्या सह्या, तारीख. एक प्रत याच्याकडे, एक त्याच्याकडे. पैसे शक्यतो मोबाइलवरून द्या, म्हणजे नोंद राहते.

एवढं लिहायला अर्धा तास लागतो.

हे सगळं तुम्हीच करायचं, कारण दुसरं कोणी येऊन करणार नाही. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, पण ते कुत्र्यांपुरतेच. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. दुकानातून घेत असाल तर नोंदणीचा दाखला भिंतीवर आहे का बघा, नसेल तर विचारा. पण क्रूरतेबद्दल १९६० च्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. पन्नास रुपयांना कोण भितो? आणि तुम्हाला भीती दाखवायची गरजही नाही. अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय आहे, ती दशसूत्री तुम्ही शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालात. कणव तुमच्याजवळ आहेच. लिहून ठेवायची सवय तेवढी लावून घ्या.

आता ज्यांचं भांडण आधीच पेटलंय, त्यांच्यासाठी. पिल्लू जिवंत असेल तर पैशाचं आज बोलू नका. आज दवाखान्यात न्या. देणाऱ्यांनो, तुम्हीही तिथे या, नुसते उभे राहिलात तरी अर्धा राग उतरतो. डॉक्टरकडून काय झालं ते लिहून घ्या, विष्ठेची चाचणी करून घ्या. पिल्लू गेलं असेल तर घाईनं पुरू नका. पिशवीत गुंडाळून थंड ठेवा, पण बर्फात गोठवू नका, आणि शवविच्छेदन होईल का ते डॉक्टरांना विचारा. अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, वऱ्हाडाला या बाबतीत दूर जावं लागत नाही. कारण कळलं की निम्मा वाद मिटतो. मग समोरासमोर बसा. फोनवर नको. दोघांना मान्य असलेला एक तिसरा माणूस बोलवा, डॉक्टर असला तर उत्तमच. एका बैठकीत नाही मिटलं तर दोन दिवसांनी पुन्हा बसा.

तरीही नाही मिटलं तर सरळ वाट आहे. कायद्याच्या लेखी पिल्लू म्हणजे विकलेला माल. ऐकायला बरं वाटत नाही, पण त्यामुळेच दाद मागता येते. अमरावतीत आणि अकोल्यात जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला, बरंच काम तिथेच होतं. पिल्लं विकण्यासाठी म्हणून माद्या घेणाऱ्यांना आयोगापुढे ग्राहक म्हणून उभं राहणं अवघड जाईल. त्यांनी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. लोकअदालतीत दावा दाखल व्हायच्या आधीही तडजोड होते, फी लागत नाही, आणि झालेला निवाडा पक्का असतो. फोटो दाखवून पैसे घेऊन कोणी गायबच झाला असेल, तर तो वाद नाही, ती फसवणूक आहे. त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. उशीर केलात तर पैसे पुढच्या खात्यात जातात.

आणि एक गोष्ट करू नका. कृपा करून करू नका. समोरच्याचा फोटो, नंबर, पत्ता, नाव टाकून ‘या चोरापासून सावध’ असा मेसेज फिरवू नका. तुमच्या हातून गेलेला मेसेज तुमच्या हातात राहत नाही. मांजरांची हौस आपल्याकडे सगळ्या मोहल्ल्यांत, सगळ्या जातिधर्मांच्या घरांत आहे, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. एरवी जी माणसं एकमेकांच्या घरी गेली नसती, ती बोका बघायला जातात, चहा पितात. पण नाव वाचलं की लोक मांजर विसरतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीनं संचारबंदी बघितली. मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून अकोल्यात दंगल झाली, माणूस गेला. त्या रात्री तुमचीही मुलं घरात दार लावून बसली होती. एका पिल्लाच्या पैशावरून गावाला काडी लावायची नाही. कोणी लावत असेल तर ग्रुपमध्ये तुम्ही पहिले बोला, ‘भाऊ, हा मेसेज काढ.’ लगेच बोला. दहा मिनिटांनी उशीर झालेला असतो.

दोन्ही शहरांतल्या पशुवैद्यांनाही एक मागणं आहे. तुमच्या दवाखान्यात रोज दहा मांजरं येतात, तुमचा शब्द दोन्ही बाजू मानतात. वर सांगितलेल्या कागदाचा एक नमुना तुम्ही मिळून तयार करा, तीन भाषांत छापा, टेबलावर गठ्ठा ठेवा. पहिली लस टोचताना एक पान हातात द्या. आणि वर्षानुवर्षं चांगलं काम करणाऱ्या पाळणाऱ्यांनो, तुम्ही आहात, दोन माद्या लेकरांसारख्या सांभाळणाऱ्या तुम्ही अनेकजणी आहात. एका घाईबाज माणसाच्या करणीनं तुमच्या सगळ्यांच्या नावाला बट्टा लागतो. तुम्हीच दोन्ही गावांत पाच-सात जणांनी एकत्र या, कागदाशिवाय पिल्लू द्यायचं नाही असं ठरवा, वाद झाला तर बसायला दोन वडीलधारी माणसं नेमून ठेवा.

हे मे लागायच्या आत करा. बुकिंग देऊन बसला असाल तर उद्या पहाटे, उन्हाआधी, त्या घरी जाऊन पिल्लाची आई बघून या. घरात पिल्लं असतील तर आज रात्री मुलाची वही घ्या, एक पान फाडा आणि पहिली ओळ लिहा, जन्मतारखेची.